एक बोट माया

दुकानाचं नाव ‘नाना’, चालवणाऱ्या मास्तर, आणि दोघीही बायका. नव्या माणसाला एवढं समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागतात. तोवर त्याच्या हातात पिझ्झाचा तुकडा आलेला असतो आणि त्याचं माझ्याकडे लक्ष नसतं.

मास्तर आधी कपडे शिवायच्या. शिंप्याला मास्तर म्हणतात. त्यांचे वडील मास्तर होते. वडिलांमागे मशीन लेकीकडे आलं आणि मशीनबरोबर नावही आलं. बाई आहे म्हणून वेगळा शब्द शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ‘मास्तर आल्या’, ‘मास्तर चिडल्या’ असंच सगळे म्हणतात. कानाला ते कधी खटकत नाही.

नाना ही इटलीतली म्हातारी. नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ती पाठीवर सॅक टाकून एकटी फिरायला निघाली होती. बसस्टँडसमोर आमचं लॉज आहे. एका खोलीत आठ पलंग, वरच्या पलंगाला शिडी, अंघोळीला रांग. स्वस्तात फिरणारी जगभरची माणसं तिथे उतरतात. म्हातारी दोन दिवसांसाठी उतरली आणि चार महिने राहिली. लॉजच्या खाली मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. एका सकाळी ती आपला स्कर्ट घेऊन खाली आली आणि खुणेने म्हणाली, कंबर सैल करून द्या.

मास्तरांनी स्कर्ट उलटा केला. शिवणीच्या आत तीन बोटं कापड राखून ठेवलेलं होतं. पुढेमागे कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून शिंपी आत जी पट्टी सोडतो, तिला माया म्हणतात.

“तीन बोटं माया!” हे सांगताना मास्तरांचा आवाज अजून चढतो. “मी बोटभर सोडायचे, तर गिऱ्हाईक विचारायचं, कापड उरलं का मास्तर? इथे तीन बोटं. म्हटलं, शिवणारी बाई कोण ते तरी कळू दे.”

शिवणारी म्हातारीची आई होती. म्हातारी स्वतः शिवत नव्हती. तिने चाळीस वर्षं बेकरी चालवली होती. मास्तरांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीत एक जुनी भट्टी होती, कारण त्यांच्या वडिलांच्याही आधी तिथे कुणी पाव भाजायचं. भट्टीत चिंध्यांची गाठोडी कोंबलेली होती. म्हातारीने विटांवर बोटाच्या पेराने ठकठक केलं, कान लावला आणि गाठोडी ओढून बाहेर काढायला लागली. आठव्या दिवशी त्या भट्टीतून पाव निघाला.

नाव विचारलं तेव्हा तिने छातीवर हात ठेवून ‘नोन्ना’ म्हटलं होतं. तिच्या भाषेत आजी. मास्तरांनी ‘नाना’ ऐकलं. रंगाऱ्याला पाटी सांगितली, ‘नाना’. रंगाऱ्याने आपल्या अकलेने एक मिशीवाला बाप्या काढला, डोक्यावर उंच पांढरी टोपी. पाटी लागली त्या दिवशी म्हातारी तिच्याखाली उभी राहून इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मिशी अजून आहे. येणारे जाणारे तिच्याखाली फोटो काढतात आणि आत येऊन विचारतात, नाना आहेत का?

मी आले चार वर्षांपूर्वी. साहित्य घेऊन एम.ए. केलं, नोकरी लागली नाही, शेवटी लॉजच्या काउंटरवर किल्ल्या द्यायला बसले. मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘एमे’ ठेवलं. “ए एमे, कांद्याचा खाणार का?” अशी आमची मैत्री सुरू झाली. त्या अठ्ठावन्नच्या, मी पंचविशीची. मला या गावात दुसरं कुणी नव्हतं. रोज सकाळी सहाला मी खाली जायचे आणि त्यांच्या फळ्यावर खडूने त्या दिवसाचे प्रकार लिहायचे. अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे आलं, असं मला वाटत होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे भट्टी. डाव्या हाताला लोखंडी मांडणी, भट्टीतून निघालेले गरम ट्रे तिच्यावर जातात. मधे संगमरवरी ओटा. पुढे काउंटर, त्यावर निवलेले ट्रे. बाहेर दोन बाकं. पिझ्झा गोल नसतो. हातभर लांब चौकोनी ट्रेमध्ये भाजतात आणि लागेल तेवढा तुकडा कापून देतात. आदल्या दुपारी मळलेलं सैल पीठ थंड ठेवलेलं असतं. सकाळी ते ट्रेमध्ये ओतून मास्तर दहाही बोटांनी त्यावर खळगे पाडतात. खळग्यांत तेल साचतं. वर बटाट्याच्या चकत्या आणि रोझमेरी, नाहीतर कांदा, नाहीतर नुसता टोमॅटो. भट्टी तापली का ते बघायला त्या चिमूटभर पीठ आत फेकतात आणि वासावर ठरवतात.

कापायला सुरी नाही. वडिलांची दहा इंची कात्री आहे, धार लावलेली, रोज कढत पाण्यात धुतलेली. आणि माप बोटांचं. काउंटरच्या कडेला एक लाकडी पट्टी ठोकलेली आहे. गिऱ्हाइकाने तिच्यावर हात ठेवायचा. दोन बोटं, चार बोटं, सगळा पंजा. मास्तर त्याच्या बोटांना आपलं बोट लावून तेवढ्या रुंदीचा तुकडा कापतात. कुठल्याही देशाचा माणूस असो, भाषेची अडचण येत नाही. पहिल्यांदा आलेला एखादा दोन तुकडे हवेत म्हणून दोन बोटं ठेवतो. त्याला फितीसारखा एक तुकडा मिळतो. मग तो शेजाऱ्याचा पंजा बघतो आणि शहाणा होतो.

आणि दर तुकड्याला मास्तर बोटभर जास्त कापतात. चार मागितली की पाच येतात. कुणी बोट दाखवून विचारलं की म्हणतात, “माया.”

मला हे फार आवडायचं. मी लॉजवरच्या पाहुण्यांना सांगायचे, बाई तुकड्यात माया घालतात, माया म्हणजे प्रेम. पाहुणे हळवे व्हायचे. एकीने तर वहीत लिहून घेतलं. मास्तरांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “काय सांगतेस लोकांना? प्रेमबिम काही नाही. माया म्हणजे चूक झाली तर सावरायला ठेवलेली जागा. एवढं शिकलीस आणि साधा शब्द येत नाही?”

मी हसले. त्या खरं बोलत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मास्तरांना एक धाकटा भाऊ आहे. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मागे डोळे तपासायची खोली. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात, मास्तर ‘धाकट्या’ म्हणतात. ते दर गुरुवारी दुपारी येतात, बाकावर बसतात, नुसत्या टोमॅटोची चार बोटं खातात. खिशात नेहमी चष्म्याचे स्क्रू पिळायचा काडीएवढा स्क्रूड्रायव्हर असतो. बोलता बोलता कुणाच्याही चष्म्याची काडी घट्ट करून देतात.

“सगळ्या गावाचे डोळे तपासले,” ते मला म्हणायचे, “फक्त ताईचे राहिलेत. घरोघरी माझा चष्मा आहे आणि सख्खी बहीण येत नाही.”

“मला कशाला चष्मा?” मास्तर आतून म्हणायच्या. “पाव काय पेपर आहे वाचायला?”

“साठीला आलीस.”

“तू पन्नाशीला आलास. तुझं टक्कल मला नीट दिसतं, तेवढं पुरे.”

ते हसायचे. मीही हसायचे. टक्कल तर रस्त्यापलीकडूनही दिसतं, हे आमच्या लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी एका सोमवारी मला ताप होता. लॉजच्या मालकाने पाहुण्यांसाठी सूचना लिहून दिली होती, ती वरच्या फळ्यावर उतरवायची होती. मास्तरांची यादी दुसऱ्या कागदावर होती. दोन्ही कागद माझ्या हातात. मी खाली गेले, खडू घेतला आणि मास्तरांच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: ‘खोली सकाळी अकरापूर्वी रिकामी करावी. ओले टॉवेल पलंगावर टाकू नयेत.’

मास्तर हात पुसत बाहेर आल्या. फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मान थोडी कलती केली, नेहमी करतात तशी.

“वा,” त्या म्हणाल्या. “अक्षर छान लागलंय आज. बटाटा वर घेतलास ते बरं केलंस. काल मागे राहिला होता.”

मी फळ्याकडे बघितलं. काय लिहिलंय ते तेव्हा मला दिसलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसायला सुरुवात केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबले. तिथे थट्टा नव्हती. त्या वळून आत गेल्या आणि पिठात हात घातला.

मी फळा पुसला. यादी लिहिली. वर लॉजवर नंतर दुसराच गोंधळ झाला, कारण तिथे मी ‘बटाटा, कांदा, टोमॅटो’ लिहून आले होते आणि आठ पाहुणे नाश्त्याची वाट बघत बसले होते. ते आता आठवलं की हसू येतं. त्या दिवशी आलं नाही.

पुढचे दोन दिवस मी दुकानात जास्त वेळ बसले आणि बघितलं. तीन वर्षं जे रोज बघत होते तेच. भट्टीपासून ओट्यापर्यंत मास्तर चार पावलं टाकतात. कमी नाही, जास्त नाही. कात्री वापरली की लगेच उजवीकडच्या खिळ्यावर. तेलाची बाटली सापडायला त्यांचा हात कधी चाचपडत नाही. पाव भट्टीतून निघाला की त्या तो कानाशी धरतात. निवताना पावाचं साल तडतडतं, त्यावरून भाजणी कळते, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते किती कौतुकाने ऐकलं होतं. गिऱ्हाइकाशी बोलताना त्या त्याच्या खांद्यापलीकडे बघतात. बाजारातल्या बायका त्याला तोरा म्हणतात. मी त्याला भिडस्तपणा म्हणत होते.

आणि पट्टीवर ठेवलेली बोटं. त्यांना आपलं बोट लावणं. पाहुणे जिचे फोटो काढतात ती गंमत.

बुधवारी दुपारी तीनला दुकान रिकामं होतं. मास्तर उद्याचं पीठ मळत होत्या.

“मास्तर, सोमवारी फळ्यावर काय लिहिलं होतं मी?”

“बटाटा, कांदा, टोमॅटो.”

“ओले टॉवेल पलंगावर टाकू नयेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच लिहिलं होतं. चुकून.”

त्यांचे हात थांबले. पीठ बोटांवरून हळूहळू ओघळत खाली आलं. बसस्टँडवर एक बस मागे घेत होते, कंडक्टरची शिट्टी ऐकू येत होती. बस लागली. शिट्टी थांबली.

“अक्षर तरी चांगलं होतं का?” मास्तरांनी विचारलं.

“होतं.”

“मग मी अगदीच खोटं बोलले नाही.”

त्यांनी हात धुतले, स्टूल ओढलं आणि बसल्या. मग सांगितलं. आधी सुईत दोरा जाईना. मशीनच्या सुईखाली दोनदा बोट गेलं. लोकांना वाटलं, तयार कपड्यांमुळे धंदा बसला म्हणून मास्तरांनी शिवण सोडलं. मास्तरांनी वाटू दिलं.

“नानाला कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “चौथ्याच दिवशी. रोज सकाळी खाली यायची आणि मला वीस सुया ओवून ठेवायची. मी सांगितलं नव्हतं. मग तिनेच बोटांनी काम करायला शिकवलं. ही पट्टी तिने ठोकलीय.”

“कसं दिसतं आता?”

“कापड झिजून मधेच विरतं ना, तसं. चारी बाजूंनी धड आहे. मधे विरलंय. सरळ बघितलं की समोरचं जातं. जरा बाजूला बघितलं की कडेकडेने येतं.”

“मग मी?”

“तू काय?”

“मी दिसते का?”

“तुझे कान दिसतात. केस दिसतात, कधीच विंचरलेले नसतात ते. मधलं काही दिसत नाही.”

“तीन वर्षं?”

“तीन वर्षं. नाक आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर.”

मी त्यांना माझं सगळं सांगितलं होतं, समोर बसून, चेहऱ्यावर काय काय आणत. रडलेही होते एकदा. त्या वेळी त्यांनी न बघताच रुमाल पुढे केला होता. मला वाटलं होतं, मला अवघडायला नको म्हणून बघत नाहीत.

“चष्मेवाल्यांना सांगा,” मी म्हटलं.

“त्यालाच सांगायचं नाही. वचन दे.”

“पण का? तेच तर—”

“आमच्या वडिलांचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी मान कलती करून बघायचे. लोक म्हणायचे, मानेचं दुखणं. एकदा त्यांनी कापडाऐवजी स्वतःचा अंगठा कापला. हा तेव्हा वीस वर्षांचा. याने त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली. रागाने नाही, मायेनेच. म्हणाला, बाबा, तुम्ही आता आराम करा. खिडकीशी खुर्ची ठेवली. खाली उशी, पायाला चौरंग. वडील त्या खुर्चीत अकरा महिने बसले. नुसते बसले. मग गेले.” त्या उठल्या. “त्यापायी तर हा डोळ्यांचं शिकला. चांगला आहे माझा भाऊ. खुर्चीपण चांगली आणेल.”

मी वचन दिलं.

वचन पाळायचं म्हणजे गप्प बसायचं, एवढं मला कळत होतं. गप्प बसून हातावर हात ठेवणं मात्र जमेना. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी दुपारच्या गर्दीला खाली गेले. एका बसमधून चौदा जण उतरले होते. मास्तर भट्टीपाशी वाकल्या होत्या. कांद्याचा ट्रे नुकताच निघून डावीकडच्या मांडणीवर गेला होता. मला वाटलं, त्यांच्या चार पावलांची खेप वाचेल. मी फडकं घेऊन ट्रे उचलला आणि पुढे काउंटरवर ठेवला, निवलेल्या ट्रेच्या जागी.

मास्तर वळल्या, काउंटरपाशी आल्या आणि ट्रे सरळ करायला त्यांनी दोन्ही तळवे त्याच्या कडांवर टेकले.

त्या ओरडल्या नाहीत. घशातून एक बारीक आवाज आला. मग म्हणाल्या, “हा इथे कुणी ठेवला?”

बाकावर चष्मेवाले बसलेले होते. ते धावत आत आले. त्यांनी बहिणीची मनगटं धरून नळाखाली नेली. पाणी सोडलं. डावा तळवा पांढरा पडला होता.

“वाफ दिसत नव्हती का तुला? ताई? धुरासारखी वाफ येत होती त्यातून.”

“लक्ष नव्हतं.”

“इकडे बघ.”

मास्तरांनी मान वळवली. थोडी जास्त वळवली, कलती केली आणि भावाच्या कानाकडे बघितलं.

चष्मेवाल्यांनी नळ तसाच वाहू दिला. त्यांचा चेहरा मी बघत होते. मला कळायला तीन वर्षं आणि एक फळा लागला होता. त्यांना एक क्षण लागला.

“सरळ बघ, ताई. माझ्याकडे सरळ बघ.”

“सरळ बघितलं,” मास्तर म्हणाल्या, “तर तू दिसत नाहीस.”

चौदा माणसं पट्टीवर हात ठेवून उभी होती. एकेक जण हात काढून घ्यायला लागला. मी त्यांना बाहेर बसवलं. परत आले तेव्हा चष्मेवाले पिठाच्या पोत्यावर बसले होते. काळी पँट पांढरी झाली होती.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“आठेक वर्षं.”

“आठ वर्षं दर गुरुवारी मी इथे येऊन खातोय. गावाला चष्मे लावतोय आणि घरचं मला दिसलं नाही.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “हिला माहीत होतं?”

“काल कळलं तिला. आणि आज लगेच मदतीला आली,” मास्तर म्हणाल्या. “बघतोस ना, मदतीने काय होतं ते.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं होतं त्या रागावतील. हे त्याहून वाईट होतं.

“भट्टी बंद,” चष्मेवाले म्हणाले. “उद्यापासून बंद. घरी चल. वरची खोली रिकामी आहे, ऊन येतं, खिडकी—”

“खुर्ची?”

त्यांनी पँटवरचं पीठ झटकायला घेतलं.

“मऊ असेल ना?” मास्तरांनी विचारलं. “बाबांची होती तशी?”

पाणी वाहत होतं. शेवटी मीच नळ बंद केला.

“आधी मला काम करताना बघ,” मास्तर म्हणाल्या. “हात बरा झाला की तीन दिवस येऊन बस. सकाळपासून. मग बंद कर म्हणालास तर मी स्वतः भट्टीत चिंध्या भरीन.”

हात बरा व्हायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत चष्मेवाल्यांनी त्यांचे डोळे तपासले, मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून आणलं. मी बरोबर होते. मधलं गेलं ते परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. कडा टिकतील असं दिसतंय, पण लक्ष ठेवावं लागेल. येताना गाडीत मास्तरांनी विचारलं, “म्हणजे माया किती शिल्लक आहे?” चष्मेवाल्यांना प्रश्न कळला. शिंप्याचाच मुलगा ते. पण त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

मग ते तीन दिवस आले. आपलं दुकान बंद ठेवून सकाळी सहाला यायचे आणि पिठाच्या पोत्यावर बसायचे. मला मास्तरांनी बजावलं होतं, “एमे, हात मागे. कशाला म्हणजे कशालाही हात लावायचा नाही.” मी हात मागे बांधून दारात उभी राहायचे, शाळेत उभं केल्यासारखी.

पहिल्या दिवशी चष्मेवाले चार वेळा उठले आणि चारही वेळा परत बसले. मास्तरांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. चार पावलं, वळण, चार पावलं. दुसऱ्या दिवशी ते पावलं मोजत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसले. दुपारी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तसेच बसले. मला वाटलं झोप लागली. मग मास्तरांनी पाव कानाशी धरला तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले, “अजून तडतडतोय.”

“हं,” मास्तर म्हणाल्या. “आता कसं.”

तिसऱ्या दिवशी अकराच्या बसने वीस जणांचा जथा आला. सगळे तरुण, उन्हाने लाल झालेले, भुकेने भांडायच्या बेतात. पट्टीवर हातांची रांग लागली. मास्तर एकेकाच्या बोटांना बोट लावत होत्या, कात्री चालत होती, कागदात तुकडा, पुढचा हात. एका उंच मुलाने पंजा ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, “बाप रे, हा हात आहे का फावडं?” त्याला काही कळलं नाही, पण तो हसला. वीस मिनिटांत ट्रे रिकामे झाले. कुणाला भाजलं नाही. काही सांडलं नाही.

शेवटचा माणूस गेल्यावर मास्तरांनी कात्री धुवायला घ्यावी म्हणून उजवीकडे हात नेला. खिळा रिकामा होता.

कात्री चष्मेवाल्यांच्या हातात होती. पोत्यावर बसून ते ती उघडून बघत होते.

मास्तर थांबल्या. त्यांचा हात खिळ्यापाशी तसाच राहिला. त्यांनी मान कलती केली. भाऊ दिसला असावा, त्याच्या कडा तरी. कात्री दिसली का, मला माहीत नाही.

“दे,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

“बाबांचीच ना ही?”

“त्यांचीच.”

“स्क्रू सैल झालाय.”

त्यांनी खिशातून तो काडीएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. कात्रीचा स्क्रू नखाएवढा मोठा. त्या काडीने काही होण्यासारखं नव्हतं. तरी ते मान खाली घालून पिळत राहिले. बराच वेळ. स्क्रू हलला नाही. मग त्यांनी कात्री नळाखाली धुतली, फडक्याने पुसली आणि नेऊन एका खिळ्यावर अडकवली.

“इथेच ना?”

“इथेच,” मास्तर म्हणाल्या. “दोन बोटं उजवीकडच्या खिळ्यावर असते. पण चालेल.”

चष्मेवाल्यांनी ती काढून दोन बोटं उजवीकडच्या खिळ्यावर अडकवली. मग म्हणाले, “दर गुरुवारी तपासायला यायचं. मी खाऊन झालं की माझ्याबरोबरच निघायचं. आणि गरम मांडणीच्या कडेला मी पांढरी पट्टी लावणार आहे, त्यात बोलायचं नाही.”

“रुंद लाव. एवढीशी लावू नकोस.”

“किती रुंद?”

मास्तरांनी हवेत तीन बोटं धरली.

याला आता वर्ष होईल. मांडणीला पांढरी पट्टी आहे. दर गुरुवारी दोघं भावंडं चौकाकडे चालत जातात, मास्तर कडेने, भाऊ रस्त्याच्या बाजूने. कडा अजून तशाच आहेत. पुढच्या वर्षी काय, हे मी विचारत नाही. त्या सांगत नाहीत.

फळा मीच लिहिते. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचं, असा नवा नियम आहे. मास्तर आतून ऐकतात आणि रोज तेच विचारतात, “आणि खोली किती वाजता सोडायची?” मी म्हणते, अकरा. त्या म्हणतात, “टॉवेलचं काय?” एकदा बोलून झालेली थट्टा त्या सोडत नाहीत.

परवा एक मुलगी आली. नेत्रहीन माणसं हाताने चेहरा ओळखतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ती गेल्यावर मी धीर करून म्हटलं, मास्तर, तुम्हाला माझा चेहरा बघायचा असेल तर बघा. हाताने.

“पिठाचे हात आहेत,” मास्तर म्हणाल्या. “लांब हो.”

मी गुपचूप बाहेर आले आणि लाकडी पट्टीवर चार बोटं ठेवली. त्यांनी त्यांना आपलं बोट लावलं. माझी बोटं त्यांना पाठ आहेत, तरी लावलं. बटाट्याचा ट्रे ओढला. कात्री चालली. तुकडा कागदावर आला तेव्हा मी माझी बोटं त्याच्यावर आडवी धरून बघितली.

“एक बोट जास्त आहे.”

“ती माया.”

“सावरायला ठेवलेली का?”

मास्तरांनी कात्री खिळ्यावर अडकवली. माझ्या कानाकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे बघितलं.

“खा गं बाई,” त्या म्हणाल्या. “निवतंय.”